डॅशबोर्ड बदलण्याआधी त्याच्या मागे बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: परळमध्ये राहणारे हे वाचक फुलांची ने-आण करतात. पहाटे तीनला दादरच्या फूल मंडईतून माल उचलायचा आणि उजाडायच्या आत डेकोरेटरांना, देवळांना, लग्नाच्या हॉलवर पोचवायचा. गाडी 2013 सालची पिकअप, वडिलांनी घेतलेली. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आता डॅशबोर्डला काचेपासून मीटरपर्यंत मोठी चीर गेली आहे. मीटरचे दिवे खड्ड्यात गाडी आदळली की जातात आणि पुन्हा येतात, वायपर मध्येच अडकतो आणि एक फ्यूज सारखा उडतो. गॅरेजवाल्याने नवा डॅशबोर्ड आणि 'पूर्ण वायरिंग' मिळून 26 हजार सांगितले आहेत. मित्र म्हणतो, कुर्ल्याहून जुना डॅशबोर्ड आणू आणि रविवारी चार तासांत आपणच बसवू. धाकटा भाऊ म्हणतो, जुन्या गाडीवर पैसे घालू नकोस, विकून टाक. आईचं म्हणणं, त्या डॅशबोर्डवर ह्यांचा हात फिरलाय, तो बदलायचा नाही. पुढच्या महिन्यात पासिंग, म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे : 'पावसात डाव्या पायावर पाणी ठिबकतं, पण ते आता नेहमीचंच झालंय.' त्यांचा प्रश्न असा, की काम गॅरेजला द्यावं, स्वतः करावं, की गाडीच विकावी?

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, नेहमीचंच म्हणून लिहिली आहे. पायावर पाणी ठिबकतं ते नेहमीचं नसतं. ज्या वाटेने ते पाणी तुमच्या पायापर्यंत येतं, त्याच वाटेवर गाडीचं निम्मं वायरिंग असतं. फ्यूज बॉक्स, रिले (विजेचे आपोआप चालणारे स्विच), मीटरचे कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे तुकडे), हे सगळं डॅशबोर्डच्या पोटात आहे आणि पाणी आधी त्यांच्यावरून वाहतं, मग तुमच्या पायावर पडतं.

चिरलेला डॅशबोर्ड दिवसभर डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे सगळा दोष त्याच्यावर जातो हे मी समजू शकतो. पण डॅशबोर्ड म्हणजे झाकण आहे. उन्हाने त्याचं प्लास्टिक कडक होतं आणि चिरतं. गाडी दिवसभर उघड्यावर उभी असेल तर दहा-बारा वर्षांत हे होणारच. त्या चिरेमुळे मीटर हलत असेल आणि खड्ड्यात मागचा कपलर सैल होत असेल, एवढा संबंध मला मान्य आहे. फ्यूज मात्र प्लास्टिक चिरल्यामुळे उडत नाही.

मी स्वतः चोवीस वर्षं गॅरेजमध्ये काढली. पहिल्या काही वर्षांतली एक गोष्ट अजून माझ्या मनात आहे. भाजी वाहणारा एक टेम्पो आमच्याकडे आला, तक्रार हीच, डॅशबोर्ड फुटलाय आणि लाइट जातात. आम्ही नवा डॅशबोर्ड बसवला, पुसून चकचकीत करून दिला, मालक खूश होऊन गेला. तो जूनचा पहिला आठवडा होता. पंधरा दिवसांनी तो भर पावसात, वायपर बंद पडलेला, डोकं खिडकीबाहेर काढून गाडी चालवत परत आला. काचेच्या रबराखालून पाणी येत होतं आणि आम्ही ते बघितलंच नव्हतं. नवा डॅशबोर्ड पुन्हा उतरवायला लागला, त्यात त्याचे स्क्रू बसवायचे दोन कान तुटले. त्या माणसाचे तीन दिवस गेले आणि ती आमची चूक होती. तेव्हापासून डॅशबोर्डला पान्हा लावायच्या आधी मी पाण्याचा मग हातात घेतो.

तुम्हीही तेच करा. पाऊस आत्ताच सरलाय, ही परीक्षा करायला हवा कोरडी आहे. काचेच्या खाली, बोनेटच्या मागच्या कडेला एक जाळी असते. काचेवरून ओघळलेलं पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हाळीत जातं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. तुम्ही लिहिलंय की गाडी गल्लीतल्या पर्जन्यवृक्षाखाली उभी असते. त्याची बारीक पानं त्या जाळीत बरोबर घुसतात, कुजून चिखल होतो आणि भोकं बुजतात. मग पन्हाळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून किंवा वायरिंग जिथून आत येतं त्या रबरी बुचाच्या कडेने आत शिरतं. आधी जाळी काढून तो गाळ हाताने साफ करा. मग मित्राला बाहेर मग घेऊन उभं करा आणि तुम्ही आत टॉर्च घेऊन पायाशी कोरडं वर्तमानपत्र पसरून बसा. कागदावर एक थेंब पडला तरी डाग दिसतो. पाणी खालून वर जात ओतायचं. आधी जाळीत, पाच मिनिटं थांबायचं, मग काचेच्या रबराचा डावा कोपरा, मग उजवा, मग कडा, शेवटी वरची बाजू. एकदम वरून बादली ओतली तर पाणी सगळीकडूनच वाहतं आणि शिरतंय कुठून ते कळतच नाही.

आता वायपर. तो मध्येच अडकतो आणि फ्यूज उडतो, या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून तुम्ही लिहिल्या आहेत. मला त्या एकच वाटतात. वायपरच्या दोन्ही काड्या फिरवणारी लोखंडी जोडणी त्याच जाळीखाली, त्याच गाळात असते. पाणी साचून तिच्या सांध्यांना गंज धरला की ती जाम होते, मोटरला ओढायला जास्त जोर लागतो, करंट वाढतो आणि फ्यूज उडतो. तसं असेल तर फ्यूज आपलं काम इमानदारीने करतोय. चावी काढून, जोडणी मोटरपासून सोडवून हाताने हलवून बघा. सहज फिरायला हवी. कुरकुरत असेल तर साफ करून ग्रीस लावल्यावर तुमची अर्धी तक्रार काही रुपयांत संपेल. उडणारा फ्यूज वायपरचाच आहे ना, हे मात्र फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता बघून पक्कं करा. दुसऱ्या कशाचा असेल तर आठवडाभर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: कधी उडाला, तेव्हा काय चालू होतं, खड्डा होता की वळण होतं. ती चिठ्ठी इलेक्ट्रिशियनच्या हातात दिलीत तर त्याचे दोन तास वाचतील.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालू नका. 10 अँपिअरच्या जागी 30 चा, किंवा तारेचा तुकडा, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी. पहाटेच्या घाईत हे खूप जण करतात, गाडी चालूही होते. पण मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर जळते, आणि ती जिथे जळते तिथे तुमचे गुडघे असतात.

मीटरचे दिवे खड्ड्यात जातात त्यात मला अर्थिंगचा संशय जास्त आहे. डॅशबोर्डच्या मागे गाडीच्या पत्र्याला एक-दोन ठिकाणी बोल्टने अर्थिंगच्या वायरी बसवलेल्या असतात. मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत त्यांच्याखाली गंज चढतो, तसाच कपलरच्या पितळी पिनांवर हिरवट थर येतो. बोल्ट सोडून, पत्रा आणि वायरीचा डोळा पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वर थोडं पेट्रोलियम जेली लावलं की पुष्कळदा मीटर शुद्धीवर येतं. इथेच उंदरांचीही खूण बघा. तुमच्या गाडीत पाकळ्या, देठ, ओली गोणपाटं असतात आणि गाडी रात्री गल्लीत असते. ब्लोअरच्या आसपास लेंड्या किंवा कुरतडलेलं इन्शुलेशन दिसलं तर नवा डॅशबोर्ड बसवण्याआधी त्याचा बंदोबस्त व्हायला हवा.

आता पैशांकडे येऊ. गॅरेजवाला तुम्हाला लुटतोय असा तुमच्या पत्राचा सूर आहे. कदाचित नसेलही. डॅशबोर्ड नीट उतरवून बसवणं हे दिवसभराचं काम आहे आणि त्याची मजुरी रास्तच असते. माझी शंका 'पूर्ण वायरिंग' या दोन शब्दांवर आहे. त्याच्याकडून 26 हजारांची फोड मागा : प्लास्टिकचे किती, मजुरी किती, वायरिंगचे किती. आणि विचारा, कंपनीचा तयार हार्नेस (वायरींची बांधलेली जुडी) घालणार की हाताने वायरी ओढणार? कंपनीच्या हार्नेसमध्ये प्रत्येक कामाला वेगळ्या रंगाची आणि ठरलेल्या जाडीची वायर असते. त्यामुळे दहा वर्षांनीही कोणीही मेस्त्री दोष शोधू शकतो. हाताने ओढलेलं वायरिंग बऱ्याचदा दोन-तीन रंगांत उरकलेलं असतं आणि ते ज्याने केलं त्याच्याशिवाय कोणाला उलगडत नाही. मूळ वायरिंगला दोन-चार ठिकाणी दोष असेल तर तेवढाच भाग नीट डाग देऊन (सोल्डर करून), श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून दुरुस्त करणं मला नेहमीच जास्त पटतं. गॅरेजवाला याची सरळ उत्तरं देत असेल तर तो चांगला माणूस आहे, त्याला सोडू नका.

मित्राच्या चार तासांवर मात्र माझा विश्वास नाही. पहिल्यांदा करणाऱ्या दोघांना पूर्ण दोन दिवस लागतात. सोमवारी पहाटे तीनला मंडईत गाडी लावायचीच आहे असं डोक्यात ठेवून रविवारी दुपारी तीनला कोणी डॅशबोर्ड जोडत असेल, तर चार स्क्रू उरतात आणि एक वायर दबते. म्हणून काम करायचं तर पौषात करा. लग्नं कमी असतात, तुमची फेरी कमी असते, हवा कोरडी असते आणि थंडीत दुपारी बोनेटजवळ उभं राहवतं. दोन दिवसांसाठी ओळखीच्या कोणाचा टेम्पो बोलून ठेवा.

पासिंग त्याच्या आधी येतंय. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे हॉर्न, वायपर, दिवे, इंडिकेटर, स्पीडोमीटर चालायला हवेत. म्हणून या महिन्यात गळती, वायपर, अर्थिंग आणि फ्यूज एवढंच मार्गी लावा. चिरेवर सध्या आतून पट्टी लावून मीटर हलणार नाही असं करा. डॅशबोर्ड पासिंगनंतर. गाडीला स्पीड गव्हर्नर (वेगाला मर्यादा घालणारं यंत्र) बसवलेला असेल तर त्याच्या वायरींना आणि सीलला स्वतः हात लावू नका, तेवढं काम ज्याच्याकडे त्याचा अधिकार आहे त्याच्याकडून करून घ्या.

तोवर डॅशबोर्ड खरंच बदलायला हवा का, हेही ठरेल. उतरवल्यावर त्याच्या खालच्या बाजूला बघा, प्लास्टिकमध्येच बारीक अक्षरं उठवलेली असतात, 'पीपी' किंवा 'एबीएस'. एबीएस चांगल्या गोंदाने चिकटतं. पीपी साध्या गोंदाला दाद देत नाही, त्याला त्याच प्लास्टिकची काडी वितळवून वेल्डिंग करावं लागतं, बंपर दुरुस्त करणारे हे काम करतात. चीर एकच असेल आणि बाकीचं प्लास्टिक दाबल्यावर लवचिक लागत असेल, तर मागून जाळी घालून वेल्डिंग आणि वरून रेक्झिनचं कव्हर हा स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे. तुमच्या गाडीत एअरबॅग नाही म्हणून हे सांगतोय. ज्या वाचकांच्या गाडीत डॅशबोर्डमागे एअरबॅग असेल त्यांनी तिथे गोंद, कव्हर, वेल्डिंग काहीही करू नये आणि उतरवण्याचं काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच द्यावं.

प्लास्टिक बिस्किटासारखं तुटत असेल तर बदलाच. नवा परवडला तर उत्तम, पण नव्यासोबत काय काय येतं ते विचारा. बहुतेक वेळा नुसता सांगाडा येतो. हवेच्या जाळ्या, क्लिपा, ग्लोव्ह बॉक्स, स्विचची झाकणं जुन्यावरूनच काढून लावायची असतात. त्यामुळे जुना उतरवताना ओढून तोडलात तर नवाही अर्धाच राहतो. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला जुना माल बघायला जाल तेव्हा आपल्या डॅशबोर्डचे समोरून, बाजूने आणि मीटर काढून फोटो घेऊन जा. एकाच गाडीच्या दोन मॉडेलांत मीटरचं भोक आणि स्विचच्या जागा वेगळ्या असतात. विक्रेता काळं पॉलिश मारून माल चमकवतो, म्हणून वरून बघू नका, उलटा करा. स्क्रूचे कान मोजा, हवेच्या जाळीजवळ दोन्ही हातांनी हलकं वाकवून बघा, चीर लपलेली असेल तर पांढरी रेघ दिसते. आणि पावती घ्याच. पावती द्यायला जो टाळतो त्याचा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, तो कुठल्या गाडीवरून उतरलाय हे तुम्हाला माहीत नाही.

मीटरही बदलणार असाल तर आत्ताचा किलोमीटरचा आकडा फोटोत आणि पावतीवर लिहून घ्या. उद्या गाडी विकायची वेळ आली तर समोरच्याला खरा आकडा सांगता आला पाहिजे.

आता प्रत्यक्ष काम. इलेक्ट्रिकचा भाग इलेक्ट्रिशियनने आणि उतरवण्या-बसवण्याचा भाग तुम्ही दोघांनी, अशी वाटणी मला तुमच्यासाठी योग्य वाटते. इलेक्ट्रिशियनला डॅशबोर्ड उतरवलेल्या दिवशीच बोलवा. सगळं उघडं असताना त्याला जे तासाभरात दिसेल, ते नंतर दिवसभर वाकूनही दिसणार नाही.

सगळ्यात आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडायचं आणि फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायचं. नुसती चावी काढून भागत नाही, कारण काही वायरींत करंट कायम असतो, आणि डॅशबोर्डखालचा लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडलेला असतो. पान्हा दोन्हींना एकदम लागला की ठिणगी पडते. चाकं सरळ ठेवा. स्टिअरिंग काढावं लागलं तर दांड्यावर आणि चाकावर खडूने एकच रेघ मारून ठेवा, हातोडी मारू नका, चाक ओढून काढायचा पुलर भाड्याने मिळतो. स्टिअरिंगचा दांडा खाली सोडण्याचे बोल्ट मात्र तुम्ही सोडलेत तरी आवळायला अनुभवी मेस्त्रीला बोलवा. बाकी सगळं चुकलं तर गाडी बंद पडेल, हे चुकलं तर वळणार नाही.

बायकोकडून किंवा किराणावाल्याकडून अंड्याचे दोन रिकामे ट्रे घ्या. प्रत्येक खळग्याला पेनाने आकडा घाला. जो स्क्रू ज्या क्रमाने निघेल तो त्या आकड्यात, आणि मोबाइलमध्ये त्या जागेचा फोटो. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो प्लास्टिक फोडून मागच्या वायरीत घुसतो, आणि 'काल तर सगळं चालू होतं' अशी गाडी परत येते. कपलर सोडताना दोन्ही तुकड्यांवर मास्किंग टेप लावून एकच आकडा लिहा. वायर धरून ओढू नका, कपलरच्या कडेला जीभ असते ती दाबली की तो आपोआप सुटतो. जुन्या मीटरला मागून स्पीडोमीटरची केबल असते, तिचीही अशीच चाप असते. मीटर पुढे ओढण्याआधी हात मागे घालून ती सोडवा.

स्क्रू कुठे लपलेले असतात हे सांगून ठेवतो, कारण इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. मीटरच्या छपराखाली, ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर त्याच्या मागे, स्टिरिओच्या खोबणीत, दोन्ही दरवाजांच्या कडेला, काचेजवळच्या छोट्या झाकणांखाली. डॅशबोर्ड हलतोय पण एका बाजूने निघत नाही, असं झालं की त्याचा अर्थ अजून एक स्क्रू आहे. जोर लावू नका. चहा घ्या, टॉर्च घेऊन पुन्हा बघा. मी इतक्या वर्षांत जेवढे डॅशबोर्ड तुटलेले बघितले, त्यातले बहुतेक शेवटच्या स्क्रूपाशी तुटले.

मीटर काढलेलं असताना गाडी 'जरा बाजूला लावण्यासाठी' सुद्धा सुरू करू नका. ऑइलचा दिवा, गरमीचा काटा, ब्रेकचा दिवा, काहीच दिसत नसतं. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरी चार्जिंगच्या दिव्यातूनच अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) सुरुवातीचा करंट जातो. तो दिवा नसला की अल्टरनेटर चार्जच करत नाही आणि लोक विनाकारण नवा अल्टरनेटर घेतात.

डॅशबोर्ड बाहेर आला की काम थांबवा आणि काचेखालचा पत्रा नीट बघा. भावाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. पत्र्यावर नुसता तांबूस गंज असेल तर तो घासून, प्रायमर आणि रंग मारून गाडी पुढची कित्येक वर्षं चालेल. पण बोट लावल्यावर पत्रा पापडासारखा तुटत असेल, आणि पायाखालच्या तळाचीही तीच गत असेल, तर नव्या डॅशबोर्डचे पैसे देऊ नका. जुना परत बसवा आणि विकण्याचा विचार भावासोबत शांतपणे करा. भाऊ चुकीचं बोलत नाहीये, पण तो गाडीचं वय मोजतोय. तुम्ही इंजिन, चासी आणि पत्रा मोजा.

बसवताना घाई दुप्पट होते, म्हणून एकच नियम पाळा. सगळे स्क्रू आवळण्याआधी, चार-पाचच स्क्रूवर डॅशबोर्ड टेकवून, बॅटरी जोडा आणि दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर, ब्लोअर, मीटरमधला प्रत्येक दिवा एकेक करून बघा. मित्राला हळूहळू स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि कुठली वायर दांड्याला घासतेय का ते खाली वाकून बघा. सगळं ठीक असेल तर बॅटरी पुन्हा सोडून उरलेले स्क्रू. प्लास्टिक लोखंडावर टेकतं तिथे जुन्या ब्लँकेटच्या किंवा फेल्टच्या पट्ट्या चिकटवा, नाहीतर पहाटेच्या शांततेत परळपासून दादरपर्यंत किरकिर ऐकत जाल.

आईंचं शेवटी लिहितोय, पण काम सुरू करण्याआधी त्यांच्याशी बोला. तुमच्या पत्रात आहे की बाबा मालवाल्यांचे नंबर बॉलपेनने ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचे आणि ते अजून तिथे आहेत. आईंना एकदा गाडीत तुमच्या शेजारी बसवा, ते झाकण उघडून दाखवा आणि त्यांना नेमकं काय हवंय ते त्यांच्याच तोंडून ऐका. मला वाटतं, त्यांना तडे गेलेलं प्लास्टिक जपायचं नसून ते अक्षर जपायचं असेल. झाकण डॅशबोर्डपासून वेगळं निघतं. उघडल्यावर दोन्ही बाजूंचे खांदे आत दाबले की ते पुढे येतं आणि खालच्या दोन पिना निघाल्या की हातात येतं. डॅशबोर्ड त्याच मॉडेलचा घेतलात तर तेच झाकण नव्यावर बसेल. शाई पुसू नये म्हणून त्यावर पारदर्शक फिल्म लावून घ्या, पण आधी एका कोपऱ्यात तुकडा लावून बघा, काही फिल्मच्या गोंदाने बॉलपेनची शाई पसरते.